लोला माँटेझच्या पत्त्यांवर

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला तो एका लग्नामुळे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचं लग्न लागलं. त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. लोकांना मजा आली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं ठरलं. त्या माळाला अजून नवरीचंच नाव आहे, टेरेझियनवीझे. आता दरवर्षी साठ-सत्तर लाख माणसं तिथे बिअर प्यायला जमतात आणि त्यांत पुण्या-मुंबईची मंडळीही असतात. नवरदेव मात्र लग्नाच्या अडतिसाव्या वर्षी गादी सोडून घरी बसला. ती का सोडली हा विषय निघाला की म्युनिकमध्ये पहिलं नाव येतं एका नर्तकीचं: लोला माँटेझ.

मी म्युनिकला गेले ती तिच्यासाठी नव्हे. आपल्या सहलींच्या ठरलेल्या यादीत नॉयश्वानस्टाइनचा परीकथेतला किल्ला असतो, बीएमडब्ल्यूचं संग्रहालय असतं आणि मारिएनप्लाट्झच्या घड्याळातल्या नाचणाऱ्या बाहुल्या असतात. ते सगळं पाहून झाल्यावर हाताशी वेळ उरला, म्हणून मध्यवर्ती स्टेशनवरून १७ नंबरची ट्राम धरली आणि निम्फेनबुर्ग राजवाड्याला गेले. बव्हेरियाच्या राजघराण्याचं हे उन्हाळ्यातलं घर. समोर कालवा, मागे चालून पाय दुखतील एवढी बाग. नॉयश्वानस्टाइन बांधणारा लुडविग दुसरा इथेच, दक्षिणेकडच्या भागातल्या राणीच्या शय्यागृहात १८४५ मध्ये जन्मला. तो आपल्या या लुडविग पहिल्याचा नातू. दोघांचा वाढदिवसही एकच, २५ ऑगस्ट.

त्याच भागात राणीचं एक छोटं भोजनगृह आहे. त्याच्या भिंती बायकांच्या चित्रांनी भरल्या आहेत. एकूण ३६ चित्रं, जवळजवळ सगळी योझेफ स्टीलरच्या हातची. हा स्टीलर म्हणजे बेथोवेनचं आज सगळीकडे छापलं जाणारं चित्र काढणारा चित्रकार. लुडविगला जी स्त्री देखणी वाटेल तिचं चित्र तो स्टीलरकडून काढून घेई. १८२७ ते १८५० हा उद्योग चालला होता. या दालनाबद्दल वाचताना मला राजाचा रागच आला होता. फुलपाखरं टाचून ठेवावीत तशा बायका! प्रत्यक्ष पाहिल्यावर राग थोडा निवळला. राजकन्या आणि सरदारांच्या मुली आहेतच, पण त्यांच्याच रांगेत जोडे शिवणाऱ्याची मुलगी हेलेने झेडलमायर आहे, ज्यू सावकाराची नानेटे काउला आहे. त्या काळच्या युरोपात जन्माने इतक्या दूर असलेल्या माणसांना एका ओळीत टांगणारी भिंत दुसरी कुठे असेलसं वाटत नाही. पर्यटकांची गर्दी असते हेलेनेसमोर. म्युनिकच्या पारंपरिक वेषातली, डोक्यावर चंदेरी टोपी घातलेली ही मुलगी आज चॉकलेटच्या डब्यांवर शोभेल अशी आहे.

लोला वेगळी कळून येते. चित्र १८४७ चं. काळा पोशाख, डोक्यावरून खांद्यावर आलेली काळी लेस, केसांत लाल फुलं. बाकीच्या बहुतेकींच्या चेहऱ्यावर चित्रकारासमोर बसल्याचा आज्ञाधारक गोडवा आहे. हिच्या नजरेत आज्ञाधारकपणा नावालाही नाही. ही स्पॅनिश सुंदरी आहे असं राजाला वाटत होतं, चित्रकारालाही, आणि बराच काळ साऱ्या युरोपालाही.

याच भोजनगृहात जेन डिग्बी भेटते, आणि मराठी माणसाने तिच्यापुढे क्षणभर थांबायला हरकत नाही. ही लॉर्ड एलेनबरोची घटस्फोटित बायको. १८३० मध्ये त्याने ब्रिटिश संसदेकडून कायदा करून घेऊन तिला सोडलं. तेव्हा इंग्लंडभर बोभाटा झाला. ती म्युनिकला आली, पुढच्याच वर्षी स्टीलरने तिचं चित्र काढलं, आणि शेवटी दमास्कसला एका बेदुइन शेखाची बायको म्हणून ती १८८१ मध्ये वारली. तिला सोडणारा एलेनबरो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. डिसेंबर १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेला महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी हरवलं ते त्याच्या कारकिर्दीत.

लोलाचा हिंदुस्थानशी संबंध याहून जवळचा. तिचं खरं नाव एलायझा रोझॅना गिल्बर्ट. जन्म १७ फेब्रुवारी १८२१, आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातलं ग्रेंज गाव. स्पेनशी रक्ताचं काही नातं नाही. बाप एडवर्ड गिल्बर्ट इंग्रज फौजेतला कनिष्ठ अधिकारी. १८२३ मध्ये त्याची नेमणूक हिंदुस्थानात झाली. बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन तो कलकत्त्याहून पाटण्याजवळच्या दानापूरच्या छावणीत गेला आणि थोड्याच दिवसांत पटकीने मेला. हेच ते दानापूर, ज्याच्या नावाची गाडी रोज पुणे स्टेशनवरून गच्च भरून सुटते. तरुण विधवा आई वर्षभरात पॅट्रिक क्रेगी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. सावत्र बाप मायाळू होता, पण गोऱ्या मुलांना हिंदुस्थानच्या हवेत वाढवायचं नाही हा तेव्हाचा रिवाज. मुलीला सहाव्या वर्षाच्या आत जहाजावर बसवून स्कॉटलंडमधल्या मॉन्ट्रोजला क्रेगीच्या माणसांकडे पाठवून दिलं. छावणीत, नोकरचाकरांच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही पोर तिथल्या कडक ख्रिस्ती घरात कशी रुळणार? मॉन्ट्रोजकर तिला विचित्र, हट्टी ‘इंडियन’ मुलगी म्हणून ओळखू लागले.

१८३७ मध्ये आई तिला न्यायला इंग्लंडला आली. लोलाने पुढे सांगितलं त्याप्रमाणे एका साठी उलटलेल्या न्यायाधीशाशी तिचं लग्न ठरवण्याचा आईचा बेत होता. मुलगी आईच्या ओळखीच्याच टॉमस जेम्स नावाच्या लेफ्टनंटबरोबर पळून गेली आणि आयर्लंडमध्ये लग्न करून मोकळी झाली. नवरा तिला घेऊन पुन्हा हिंदुस्थानात आला. कर्नालच्या छावणीत हे जोडपं राहत असताना गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन हिने तिला पाहिलं. सिमला आणि कर्नालच्या मुक्कामातल्या ईडनच्या पत्रांत ही छोटी मिसेस जेम्स येते. फार देखणी, अगदी कोवळी, सगळ्यांना आवडलेली. नवऱ्याचा पगार तुटपुंजा आणि पुढचं आयुष्य छावणीतलं, हिचं कसं होणार अशी काळजी ईडनबाईंनी तेव्हाच व्यक्त केली आहे. गंमत अशी की ही पत्रं पुस्तकरूपाने निघाली १८६६ मध्ये. तोवर त्या कोवळ्या मुलीचं सगळं होऊन गेलं होतं.

संसार मोडला. लोला एकटी इंग्लंडला निघाली आणि जहाजावर जॉर्ज लेनॉक्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याशी तिचं जमलं. जेम्सने लंडनच्या धर्मन्यायालयात दावा लावला. डिसेंबर १८४२ मध्ये निकाल लागला: दोघांनी वेगळं राहावं, पण दोघं जिवंत असेपर्यंत कोणालाही दुसरं लग्न करता येणार नाही. एकविसाव्या वर्षी ही बाई अशा जागी येऊन ठेपली की बदनाम झालेली, माहेर नाही, नवरा नाही आणि नवा नवरा करायची कायद्याने बंदी. तिच्याबद्दल लिहिणारे तिच्या प्रियकरांची यादी फार चवीने देतात. या निकालाला मात्र एका वाक्यात उरकतात. माझ्या मते तिच्या आयुष्याची किल्ली त्या यादीत नसून या निकालात आहे. मिसेस जेम्सला इंग्लंडमध्ये कुठेच जागा उरली नव्हती. म्हणून तिने मिसेस जेम्सच नाहीशी केली. थोडे दिवस स्पेनमध्ये काढून जुजबी नाच शिकली आणि ३ जून १८४३ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये ‘दोन्या लोला माँटेझ’ म्हणून उभी राहिली. सेव्हिलची, खानदानी, दुर्दैवाने रंगभूमीवर आलेली. प्रेक्षकांतल्या लॉर्ड रॅनेलाने तिला ओळखलं आणि बोभाटा झाला. ती मात्र हे सोंग पुढे बरीच वर्षं सोडायला तयार झाली नाही.

नाच तिला फारसा येत नव्हता, यावर बहुतेक समीक्षकांचं एकमत दिसतं. पण माणसं पुन्हा पुन्हा पाहायला येत. ड्रेस्डेनला पियानोवादक फ्रान्झ लिस्टबरोबर तिचं नाव जोडलं गेलं. पॅरिसमध्ये ‘ला प्रेस’ या वर्तमानपत्राचा भागीदार अलेक्सांद्र दुजारिए तिच्यावर जीव टाकू लागला आणि ११ मार्च १८४५ च्या सकाळी एका द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात साक्ष द्यायला अलेक्सांद्र द्यूमाही आला होता. वर्ष-दीड वर्षाने ती म्युनिकला पोचली.

आता पुन्हा शहरात येऊ. लोलाचं म्युनिक पाहायला दुपार पुरते, आणि त्यासाठी सुरुवात करायची माक्स-योझेफ-प्लाट्झवरच्या राष्ट्रीय नाट्यगृहापासून. १० ऑक्टोबर १८४६ रोजी ती इथे नाचली. राजाची आणि तिची भेट त्याच्या दोन-तीन दिवस आधी झाली होती. भेटीत तिने कात्रीने पोलक्याच्या बटणांचे टाके उसवून राजाला छाती दाखवली, अशी गोष्ट मार्गदर्शक हमखास सांगतात. पर्यटक हमखास हसतात. पुरावा काही नाही. राजा तेव्हा साठ वर्षांचा, ऐकायला थोडा कमी, स्पेनच्या प्रेमात पडलेला आणि स्वतःला कवी समजणारा होता. त्याच्या कवितांची जर्मन साहित्यात थट्टाच झाली आहे. दोघं एकमेकांना स्पॅनिशमध्ये पत्रं लिहीत. स्पॅनिश ही दोघांचीही मातृभाषा नव्हती आणि दोघांचीही कच्ची होती. त्या पत्रांचा मोठा संग्रह आज छापून उपलब्ध आहे. राजाने तिला वर्षासन बांधून दिलं आणि बारर श्ट्रासवर एक घर सजवून दिलं.

तो वाडा आता नाही. कारोलिनेनप्लाट्झच्या वर्तुळातून बारर श्ट्रास जाते त्याच टापूत तो होता. चौकात मधोमध एक काळा कांस्यस्तंभ उभा आहे. १८१२ मध्ये नेपोलियनच्या रशिया मोहिमेत मेलेल्या ३० हजार बव्हेरियन सैनिकांची ही आठवण लुडविगनेच उभारली. पुढे चालत गेलं की आल्टे पिनाकोथेक, युरोपातल्या सर्वांत समृद्ध चित्रसंग्रहालयांपैकी एक, तेही त्याचंच काम. जवळचं ग्लिप्टोथेक त्याचं, सरळ रेषेत आखलेली लुडविगश्ट्रास त्याची, तिच्या कडेचं विद्यापीठ १८२६ मध्ये लांड्सहूटहून म्युनिकला आणलं तेही त्यानेच. राजधानीचं रूप बदलणाऱ्या माणसाबद्दल शहरात आदर शिल्लक आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणूनच कदाचित त्याच्या अखेरीचा दोष दुसऱ्या कोणावर टाकणं म्युनिकला सोपं गेलं असावं.

लोला शहरात हातात चाबूक, सोबत मोठा कुत्रा आणि तोंडात सिगार अशी फिरे. कोणी अडवलं तर थोबाडीत मारायला कमी करत नसे. हे दंतकथा म्हणून सोडून द्यायचं नाही, पोलिसांच्या दप्तरात आहे. लोकांना खरा संताप आला तो राजा तिला सरदारकी द्यायला निघाला तेव्हा. त्यासाठी आधी बव्हेरियाचं नागरिकत्व लागायचं. प्रधान कार्ल फॉन आबेल कट्टर कॅथलिक. त्याच्या मंत्रिमंडळाने ११ फेब्रुवारी १८४७ रोजी राजाला एक खलिता दिला: ही बाई राज्याच्या बदनामीचं कारण झाली आहे, नागरिकत्व देणार असाल तर आमचे राजीनामे घ्या. राजाने घेतले. खलिता फुटला आणि युरोपभर वाचला गेला. गंमत म्हणजे बाहेरच्या उदारमतवाद्यांना हे आवडलं. जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांचं वजन मोडणारी वीरांगना म्हणून लोलाचं कौतुक झालं आणि तिनेही ते पदरात पाडून घेतलं. २५ ऑगस्ट १८४७ रोजी, राजाच्या वाढदिवशी, ती लान्ड्सफेल्डची काउंटेस झाली.

विद्यार्थी मात्र तिच्यावर उठले. तिच्या बाजूची काही पोरं निघाली, त्यांनी ‘अलेमानिया’ नावाची मंडळी काढून लाल टोप्या घातल्या. बाकी सारे विद्यार्थी त्यांना वाळीत टाकून बसले. फेब्रुवारी १८४८ मध्ये मारामाऱ्या सुरू झाल्या. ओडेओन्सप्लाट्झवर उभं राहिलं की एका बाजूला राजवाडा दिसतो आणि समोर पिवळ्या रंगाचं टेआटिनर चर्च. ९ फेब्रुवारीला लोला जमावात सापडली आणि जीव वाचवायला याच चर्चमध्ये शिरली. शिपायांनी तिला तिथून बाहेर काढून राजवाड्यात नेलं. चर्चमध्ये आत गेलं की सगळं पांढरंशुभ्र. पलायनाची खूण काही नाही, मार्गदर्शक पुस्तिकेत उल्लेखही नाही. त्याच दिवशी संतापलेल्या राजाने विद्यापीठ बंद केलं आणि विद्यार्थ्यांनी शहर सोडावं असा हुकूम काढला.

इथे त्याचं चुकलं. विद्यार्थी म्हणजे शहराची कमाई. घरमालक, खानावळवाले, बिअर विकणारे, शिंपी असे सगळे विद्यार्थ्यांवर जगत. लोलावरून नाक मुरडणारा पण गप्प बसलेला मध्यमवर्ग आता रस्त्यावर आला. याच म्युनिककरांनी चार वर्षांपूर्वी, मे १८४४ मध्ये, बिअरची किंमत वाढली म्हणून दंगा करून राजाला ती उतरवायला लावली होती. खिशाला हात लागला की हे शहर पेटतं, हे राजाला ठाऊक असायला हवं होतं. दोन दिवसांत त्याने हुकूम मागे घेतला. ११ फेब्रुवारीला लोला म्युनिकमधून पळाली, आणि तिचं घर फोडायला निघालेल्या जमावासमोर राजा स्वतः जाऊन उभा राहिला.

एवढ्याने राजा गादी सोडतो का? नाही. २४ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये राजेशाही कोसळली, आणि जर्मनीभर छापखान्याचं स्वातंत्र्य, ज्युरी, जबाबदार मंत्रिमंडळ या मागण्यांची लाट आली. ४ मार्चला म्युनिककरांनी शस्त्रागार फोडलं. राजाला मागण्या मान्य कराव्या लागल्या. मग लोला वेष बदलून एका रात्री परत आल्याची बातमी फुटली, पुन्हा दंगा झाला, राजाला तिचं नागरिकत्व काढून घ्यावं लागलं. २० मार्च १८४८ रोजी त्याने गादी मुलाला दिली. बावीस वर्षं स्वतःच्या मर्जीने राज्य केलेल्या माणसाला मंत्र्यांच्या म्हणण्यावर सही करणारा राजा व्हायचं नव्हतं. लोलावाचूनही तो त्या वर्षी अडचणीत आलाच असता. जर्मनीतले कितीतरी राजे आले, आणि त्यांच्या दरबारात लोला नव्हती. पण नर्तकीने राजा बुडवला ही गोष्ट सांगायला सोपी आणि राजाला क्षमा करायला सोयीची. ती तशीच चालत आली. लुडविग पुढे वीस वर्षं जगला, म्युनिकमध्येच इमारती बांधत आणि चित्रं घेत राहिला. लोला मात्र पुन्हा म्युनिकला आली नाही.

पुढची काही वर्षं भराभर सांगते. लंडनमध्ये १८४९ मध्ये तिने जॉर्ज हील्ड नावाच्या श्रीमंत, कोवळ्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. जेम्स अजून हिंदुस्थानात जिवंत होता. दोन नवऱ्यांचा खटला उभा राहिला तेव्हा ती जामीन बुडवून पळाली. १८५१ च्या अखेरीस न्यूयॉर्क. तिथे ‘बव्हेरियातली लोला माँटेझ’ असं नाटक लिहवून घेतलं आणि त्यात स्वतःचीच भूमिका स्वतःच केली. ज्या बदनामीने तिला घालवलं होतं तिची तिकिटं विकायला ती शिकली होती.

तिचा दुसरा पत्ता मला कॅलिफोर्नियात मिळाला. बे एरियातल्या मराठी मंडळींना टाहो सरोवराचा रस्ता पाठ असतो. सॅक्रामेंटोवरून आय-८० ने डोंगरात जायचं. वाटेत ऑबर्नला हा रस्ता सोडून ४९ नंबरच्या मार्गाने उत्तरेकडे वळलं की ग्रास व्हॅली येतं. मार्गाचा नंबरच सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीच्या १८४९ सालावरून. गाव डोंगराच्या पायथ्याशी, पाइनच्या झाडांत. एम्पायर माइन ही इथली खाण १८५० ते १९५६ चालली आणि तिने ५८ लाख औंस सोनं दिलं. जमिनीखाली ३६७ मैलांचे बोगदे आहेत. खाणीत उतरायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून कुशल मजूर आणले गेले. त्यांची पेस्टी आजही गावात विकतात: मोठ्या करंजीच्या आकाराची, आत बीफ आणि बटाटा. दुपारी तेवढ्यावर भागतं.

लोला १८५३ मध्ये इथे आली. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या ‘स्पायडर डान्स’ने गदारोळ उडवला होता. घागऱ्यात कोळी शिरले आहेत, ते झटकायचे, आणि झटकता झटकता घागरा किती वर जाईल याकडे खाणमजुरांचं लक्ष. तिथेच जुलैमध्ये मिशन डोलोरेस चर्चमध्ये तिने पॅट्रिक हल नावाच्या पत्रकाराशी लग्न केलं, जे फार दिवस टिकलं नाही. ग्रास व्हॅलीत मात्र ती दोन वर्षं राहिली. एवढा काळ ती मोठेपणी कुठेच एका छपराखाली राहिल्याचं दिसत नाही. मिल स्ट्रीटवर घर घेतलं, बाग केली, अस्वलाचं पिल्लू पाळलं. ते तिला चावल्याची बातमीही छापून आली. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्या स्थानिक संपादकाला तिने चाबकाने मारलं. पुढे ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला हेन्री सीकँप नावाच्या संपादकाचीही तीच गत झाली. हा सीकँप सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला माणूस. सरकारला न घाबरलेल्या संपादकाला या बाईचा चाबूक खावा लागला, आणि त्यानेही उलट चाबूक चालवला.

मिल स्ट्रीटवरचं आजचं घर मूळचं नाही. मूळ घर मोडकळीला येऊन १९७० च्या दशकात पाडावं लागलं. त्याच जागी त्याच्यासारखं बांधलं आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या ऐतिहासिक स्थळांत त्याचा क्रमांक २९२. पुढचा, २९३ क्रमांक, जवळच्याच दुसऱ्या घराचा, आणि मला ते घर अधिक आवडलं. तिथे लॉटा क्रॅबट्री नावाची छोटी मुलगी राहायची. आई खाणकामगारांसाठी खानावळ चालवायची आणि मुलगी शेजारणीकडे पडलेली असे. लोलाने तिला नाचाचे, गाण्याचे पहिले धडे दिले असं सांगतात. लॉटा अमेरिकेची लाडकी नटी झाली आणि १९२४ मध्ये वारली तेव्हा चाळीस लाख डॉलरच्या आसपास संपत्ती मागे ठेवून गेली. बॅन्जो वाजवणारी, विनोदी, कायम अविवाहित, पैशाचा व्यवहार आईच्या हाती ठेवणारी लॉटा म्हणजे लोला काय होऊ शकली असती याचं उत्तर, असं मला वाटून गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर लॉटाने १८७५ मध्ये दिलेलं कारंजं आहे. १९०६ च्या भूकंपात ते वाचलं. दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे भूकंपाच्या आठवणीसाठी लोक तिथेच जमतात.

टाहोच्या वाटेवर ट्रकीच्या उत्तरेला नऊ हजार फुटांहून उंच माउंट लोला आहे आणि सोडा स्प्रिंग्जजवळ लोला माँटेझ लेक्स. आपली किती मंडळी तिथे ट्रेक करून फोटो टाकतात! नाव कोणाचं, हे विचारायचं राहून जातं.

१८५५-५६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला. परतताना तिच्याबरोबरचा नट फ्रँक फॉलंड जहाजावरून समुद्रात पडून गेला. लोला हादरली. तिने दागिन्यांचा लिलाव करून पैसे फॉलंडच्या मुलांसाठी दिले. यानंतर नाच जवळजवळ संपला. ती व्याख्यानं देऊ लागली: सौंदर्य, इतिहासातल्या शूर स्त्रिया, अमेरिकन आणि इंग्रज माणसांच्या तऱ्हा. व्याख्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, पण सभागृहं भरत. १८५८ मध्ये ‘द आर्ट्स ऑफ ब्यूटी’ हे पुस्तक निघालं. त्यात चेहऱ्याला लावायच्या लेपांच्या कृती आहेत. अखेरीस ती धर्माकडे वळली आणि न्यूयॉर्कमध्ये समाजाने टाकलेल्या बायकांच्या आश्रमाला मदत करू लागली. १८६० मध्ये अर्धांगाचा झटका आला. १७ जानेवारी १८६१ रोजी ती वारली.

ब्रुकलिनचं ग्रीन-वुड हे ४७८ एकरांचं दफनस्थान आहे. टेकड्या, तळी, जुनी झाडं. प्रवेशद्वाराच्या कमानींत हिरव्या पोपटांनी घरटी केली आहेत. टेलिग्राफवाला मोर्स इथे आहे, संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन आहे. लोलाची शिळा छोटी आहे. तिच्यावर ‘मिसेस एलायझा गिल्बर्ट’ आणि वय ४२. दोन्ही चुकीचं. गिल्बर्ट हे माहेरचं नाव, त्याला ‘मिसेस’ लावायचं काही कारण नव्हतं. आणि मरताना ती चाळीसची व्हायला एक महिना कमी होता. आयुष्यभर वय कमी करून सांगणाऱ्या बाईच्या थडग्यावर ते तीन वर्षांनी वाढवून कोरलेलं आहे.

लोला खोटारडी होती, तापट होती, नर्तकी म्हणून सामान्य होती. पैसा हातात आला की उधळायची आणि संपला की राजालाही पत्रांतून छळायची. पण तिला नुसती पुरुषांवर जगणारी बाई म्हणणाऱ्यांनी हिशेब नीट मांडावा. लुडविगचं वर्षासन आटल्यावरची सगळी वर्षं ती रंगमंचावर, व्यासपीठावर उभी राहून तिकिटांच्या पैशांवर जगली, तीन खंडांत.

ग्रीन-वुडला जायचं असेल तर सबवेची आर गाडी घेऊन २५व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा. दार तिथून जवळ आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. शिळा शोधताना लोला माँटेझ नव्हे, एलायझा गिल्बर्ट हे नाव लक्षात ठेवा.